उद्याची चिंता आणि उद्याची तरतूद

ख्रिस्ती माणसाने आपल्या जिवाचा विमा उतरवावा काय? हा प्रश्न आज पुष्कळांना जुना वाटेल. आपल्या मंडळ्यांतील बहुतेक घरांत एखादी तरी पॉलिसी असते, आणि तिचा हप्ता भरताना आपण देवावरील विश्वासाला बाधा आणीत आहोत असे कोणाच्या मनात येत नाही. तथापि प्रश्न संपलेला नाही. एखाद्या कुटुंब-प्रार्थनेत मत्तयाच्या सहाव्या अध्यायाचे वाचन झाले की कोणीतरी सरळ मनाने विचारतो, "प्रभूने उद्याची चिंता करू नका असे सांगितले, मग आपण आपल्या मरणाचा हिशेब मांडून हप्ते भरावे, हे कसे?" यावर बहुतेक जण हसून विषय बदलतात. हप्ता भरणाऱ्याने हा प्रश्न सोडवलेला नसतो, केवळ बाजूला ठेवलेला असतो. आणि बाजूला ठेवलेला प्रश्न संकटाच्या दिवशी दुप्पट बळाने परत येतो.

या प्रश्नाचा विचार करताना एका माणसाचे आयुष्य वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. ते गेल्या वर्षी प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. बेळगावकडील आमच्या मंडळीत लहानथोर सगळे त्यांना हवालदारकाका म्हणत. आयुष्याची एकोणीस वर्षे त्यांनी सैन्यात काढली आणि त्यानंतरची पस्तीस वर्षे आयुर्विमा महामंडळाचे एजंट म्हणून. त्यांच्या स्मरणोपासनेत जे बोलले त्यांनी पहिल्या एकोणीस वर्षांविषयी भरभरून सांगितले. पुढील पस्तीस वर्षांच्या वाट्याला एकच वाक्य आले : "निवृत्तीनंतर ते विम्याचे काम करीत." त्या एका वाक्यात जे राहून गेले, त्यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते.

हवालदारकाका १९५७ साली, अठराव्या वर्षी, बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या केंद्रात भरती झाले. १९७१ च्या डिसेंबरात त्यांची पलटण पूर्व आघाडीवर, आज बांगलादेशात असलेल्या जमालपूरजवळ होती. १० डिसेंबरच्या रात्री वेढ्यात सापडलेल्या पाकिस्तानी सैन्याने कोंडी फोडण्याचा प्रयत्न केला, तो आपल्या जवानांनी मोडून काढला, आणि दुसऱ्या दिवशी जमालपूर हाती आले. त्या रात्रीविषयी काका फारसे बोलत नसत. ते बोलत त्या रात्रीनंतरच्या दिवसांविषयी. पडलेल्या सोबत्यांचे सामान गोळा करून त्याची यादी करण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. एक लोखंडी ट्रंक, चादर, दाढीचे सामान, घरून आलेली पत्रे, आणि जवळजवळ प्रत्येक ट्रंकेत दोऱ्याने बांधलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या. त्या पावत्यांवरून कळे की महिन्याला घरी किती रुपये जात होते. आता ते जाणार नव्हते. सरकारकडून कुटुंबाला पेन्शन मिळे हे खरे. परंतु कागद फिरून पैसा हाती पडेपर्यंत चुलीचे काय, हा प्रश्न यादी करणाऱ्याच्या मनातून जाईना. सैन्यातील गटविम्याची योजना १ जानेवारी १९७६ पासून सुरू झाली. त्याच वर्षी काका हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पुढल्या वर्षी त्यांनी विम्याच्या एजन्सीचा परवाना घेतला.

लोकांना हा उतार वाटला. काल बंदूक धरणारा हात आज पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतो, याचे काहींना हसूही आले. काकांना मात्र यात उतार दिसत नसे. ते म्हणत की काम तेच आहे, फक्त जागा बदलली. तेव्हा सरहद्दीवर पहारा होता, आता उंबरठ्यावर आहे.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. मत्तय ६:२५–३४ या वचनांत प्रभूने ज्या चिंतेला मनाई केली ती कोणाविषयीची चिंता आहे? काय खावे, काय प्यावे, काय पांघरावे, असे जे स्वतःविषयी विचारीत राहतात त्यांची ती चिंता आहे. मूळ ग्रीक भाषेत तेथे 'मेरिम्नाओ' हे क्रियापद आहे. ज्यांना शब्दकोश पाहण्याची सवय आहे त्यांनी हाच शब्द नव्या करारात आणखी कोठे येतो ते पाहावे. पौल फिलिप्पैकरांस लिहिताना (२:२०) तीमथ्याची शिफारस करतो, ती तो त्यांच्याविषयी खरी काळजी वाहील म्हणून. तेथे हेच क्रियापद आहे. करिंथकरांस सांगताना (१ करिंथ १२:२५) तो म्हणतो की शरीराच्या अवयवांनी एकमेकांची सारखीच काळजी वाहावी. तेथेही हेच क्रियापद आहे. म्हणजे जी गोष्ट स्वतःसाठी केली असता अविश्वास ठरते, तीच दुसऱ्यासाठी केली असता प्रीती ठरते. हा भेद शब्दांचा खेळ नव्हे. आपल्या उद्याचा भार देवावर टाकावा, आणि दुसऱ्याच्या उद्याचा भार थोडा आपल्या खांद्यावर घ्यावा, हीच ख्रिस्ती जीवनाची रीत आहे.

ज्याने हे शिकवले त्याने ते करूनही दाखवले. वधस्तंभावर असताना प्रभूने आपल्या मातेला आपल्या प्रिय शिष्याच्या हाती सोपवले (योहान १९:२६–२७). उद्याची चिंता करू नका असे सांगणाऱ्याने प्राण सोडण्यापूर्वी आईच्या उद्याची व्यवस्था केली. ती 'देव पाहील' असे म्हणून सोडून दिली नाही. एका माणसाला, एका घराला, ती नेमून दिली. याच्या उलट एक चित्र २ राजे ४ मध्ये आहे. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एक देवभीरू मनुष्य कर्ज ठेवून मरण पावला, आणि सावकार त्याच्या दोन मुलांना दास करून नेण्यास आला. त्या माणसाच्या भक्तीविषयी विधवेला शंका नव्हती, अलीशालाही नव्हती. परंतु त्याच्या भक्तीने सावकार दारातून परत गेला नाही. जे आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाहीत त्यांच्याविषयी पौलाने तीमथ्याला किती कठोर शब्द लिहिले आहेत (१ तीमथ्य ५:८), ते वाचकांनी स्वतः वाचावे.

यावर कोणी म्हणेल, मग लूकच्या बाराव्या अध्यायातील कोठारे बांधणारा श्रीमंत मनुष्य मूर्ख का ठरला? त्यानेही तरतूदच केली होती. त्याचे बोलणे नीट वाचावे. माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. त्याच्या साऱ्या बेतात दुसऱ्या माणसाचे नावच नाही. येथेच कसोटी आहे. विम्याची पॉलिसी कोठारही होऊ शकते आणि भाकरीही होऊ शकते. आज पुष्कळ पॉलिसी कर वाचवण्यासाठी आणि मुदतीनंतर रक्कम हाती यावी म्हणूनच विकल्या व घेतल्या जातात. तो साधा बचतीचा व्यवहार आहे, त्याला उगाच प्रीतीचे नाव देऊ नये. काकांचा नव्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असे : तुमच्या कमाईवर आज कोण जेवते? एका अविवाहित, आईवडील नसलेल्या मास्तरांना त्यांनी सांगितले होते की तुम्हांला माझी गरज नाही, बँकेत पैसे ठेवा. मास्तर ही गोष्ट वर्षानुवर्षे सांगत, कारण गिऱ्हाईक परत पाठवणारा एजंट त्यांनी दुसरा पाहिला नव्हता.

विमा ही मंडळीबाहेरून आलेली वस्तू आहे असेही आपण समजतो. इतिहास वेगळेच सांगतो. अठराव्या शतकात स्कॉटलंडमधील पाळक मरण पावला की त्याच्या विधवेला पाळकाचे घर सोडावे लागे आणि मुलेबाळे उघड्यावर पडत. अलेक्झांडर वेब्स्टर आणि रॉबर्ट वॉलेस या दोन पाळकांनी यावर केवळ प्रार्थना करून न थांबता गणित मांडले. गणितज्ञ कॉलिन मॅक्लॉरिन यांनी ते तपासून दिले. एका वेळी सुमारे ९३० पाळक हयात असतात, त्यांतील वर्षाला सरासरी २७ मरण पावतात, आणि त्यांपैकी १८ जणांच्या मागे विधवा राहतात, असा त्यांचा हिशेब होता. त्यावरून प्रत्येक पाळकाने किती वर्गणी द्यावी ते ठरले आणि १७४४ साली हा विधवा-निधी उभा राहिला. कोणता पाळक कधी मरेल हे त्यांनी सांगितले नाही. ते देवाकडेच राहिले. परंतु जो कोणी मरेल त्याच्या घरी भाकर जाईल, एवढे त्यांनी पाहिले. आधुनिक आयुर्विम्याच्या पायाभरणीत या निधीची गणना होते.

याचा अर्थ असा नव्हे की जे विमा घेत नाहीत त्यांचा विश्वास आंधळा आहे. मेनोनाइट व आमिश या पंथांतील पुष्कळ लोकांनी व्यापारी विमा नाकारला; पण एखाद्याचे धान्याचे कोठार जळाले तर सारी मंडळी मिळून ते पुन्हा उभारते. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांनी कोणाकडे पैसा न मागता प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ वाढवले, आणि त्यांच्या उदाहरणाने प्रेरित होऊन आपल्या पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती सदन चालवले. रमाबाईंनी स्वतः १८८२ साली वैधव्य भोगले होते. विधवेच्या घरातील दुसऱ्या दिवसाची सकाळ कशी असते हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. पण विश्वासाच्या या दोन्ही कार्यांकडे पाहा. केडगावला प्रार्थना होती, तशाच विहिरी होत्या, शेती होती, छापखाना होता, आणि स्त्रियांना शिकवलेले हातचे उद्योग होते. विश्वासाने हात मोकळे सोडले नाहीत, कामाला लावले. तेव्हा खरा भेद विमा घेणारे आणि न घेणारे असा नाही. दुसऱ्याच्या उद्याचा भार घेणारे आणि न घेणारे असा आहे.

आणखी एक आक्षेप थोडा खोल आहे. देवाच्या प्रतिमेत निर्माण झालेल्या माणसाच्या जिवाची रुपयांत किंमत करावी काय? भारतात हा आक्षेप केवळ तात्त्विक नव्हता. कलकत्त्याला १८१८ साली ओरिएंटल लाइफ ही पहिली कंपनी निघाली ती मुख्यत्वे युरोपियन कुटुंबांसाठी. पुढे हिंदी माणसांचा विमा उतरवू लागल्यावरही त्यांच्याकडून जादा हप्ता घेतला जाई. १८७० च्या सुमारास मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने हिंदी जिवांचा विमा सर्वसामान्य दराने उतरवण्यास आरंभ केला. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा २४५ लहानमोठ्या संस्था एकत्र करण्यात आल्या. त्या वेळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख होते, आणि काही चालकांनी लोकांच्या हप्त्यांचा पैसा आपल्या इतर धंद्यांत वळवल्याची प्रकरणे त्या निर्णयामागे होती. म्हणजे जिवाची किंमत करण्यात पाप शिरू शकते, हे खरेच आहे. परंतु विम्याची रक्कम ही जिवाची किंमत नव्हेच. ट्रंकेतल्या पावत्या ही त्या जवानाची किंमत नव्हती; त्याच्या जाण्याने घरात जी भाकर कमी पडणार होती तिचे ते माप होते. जीव अमोल आहे म्हणून भाकरीचे माप करू नये, असे म्हणणाऱ्याच्या घरी बहुधा भाकर भरपूर असते.

एवढ्याने विमा निर्दोष ठरतो. विकणारा निर्दोष ठरत नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले आणि आम्ही काय करावे असे विचारू लागले, तेव्हा त्याने त्यांना शिपाईगिरी सोडा असे सांगितले नाही. त्याने तीन गोष्टी सांगितल्या : कोणावर जुलूम करून पैसे उकळू नका, खोटा आळ घेऊ नका, आणि आपल्या वेतनात तृप्त असा (लूक ३:१४). सैन्यातून आलेल्या काकांनी हा उपदेश दुसऱ्या धंद्यातही जसाच्या तसा चालवला.

पहिली गोष्ट, जुलूम न करणे. बंदुकीशिवायही जुलूम करता येतो. मरणाची भीती घालणे, ताजे दुःख झालेल्या घरात जाऊन शेजाऱ्यांना पॉलिसी विकणे, नात्याची भीड घालणे, ही या धंद्यातील शस्त्रे आहेत. काका रविवारी विम्याचा शब्द काढीत नसत, आणि कोणाच्या अंत्यविधीनंतर महिनाभर त्या गल्लीत कामासाठी जात नसत. त्यांचे बोलणे कोरडे होते, गोडवा त्यात नव्हता. 'काका समोरून आले की आधी हप्त्याची तारीख आठवते, मग नमस्कार' अशी त्यांची थट्टाही होई.

तिसरी गोष्ट आधी घेतो, वेतनात तृप्त असणे. एजंटला पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर मोठे कमिशन मिळते, पुढील वर्षांत ते बरेच कमी होते. म्हणून मोठी पॉलिसी गळ्यात मारावी, पहिल्या वर्षाचे कमिशन घ्यावे आणि मग त्या घराकडे फिरकू नये, असा मोह होतो. त्या काळच्या बहुतेक पॉलिसींत तीन वर्षांचे हप्ते पूर्ण झाल्याशिवाय काहीही परत मिळत नसे. निपाणीच्या विडी कामगाराने किंवा खानापूरकडच्या रोजगाऱ्याने दीड वर्ष भरून पॉलिसी सोडली, तर त्याचा पैसा बुडाला आणि एजंटचे कमिशन मात्र पचले. काका माणसाला झेपेल त्याहून लहान पॉलिसी सुचवीत. हप्त्याची तारीख टळल्यावर वार्षिक, सहामाही वा तिमाही हप्त्याला ३० दिवसांची आणि मासिक हप्त्याला १५ दिवसांची सवलत असते. या दिवसांत काका पावसातही सायकलवरून जाऊन आठवण करून देत. त्या फेरीचे त्यांना मिळे ते जेमतेम; पण मोडलेली पॉलिसी त्यांना ओस पडलेल्या चौकीसारखी वाटे. याच तृप्तीची दुसरी बाजू अशी की ते कोणाला कमिशनातून सूट देत नसत. "पहिल्या हप्त्यात काय सोडता?" असे विचारणारे मंडळीतही असतात. अशी सूट देणे १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने मना आहे. या एका कारणाने त्यांची पुष्कळ गिऱ्हाइके दुसरीकडे गेली.

उरली दुसरी गोष्ट, खोटे न बोलणे. येथे त्यांची खरी परीक्षा झाली, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

२००३ साली मंडळीतील एका गवंड्याचा भाऊ काकांकडे आला. गवंड्याला हृदयाच्या झडपेचा आजार होता. डॉक्टरांनी तसे सांगितले होते. वय चौतीस, दोन लहान मुली. भावाला त्याचा पन्नास हजारांचा विमा हवा होता. लहान रकमेला डॉक्टरी तपासणी लागत नसे; अर्जातील उत्तरांवर आणि एजंटच्या अहवालावर भिस्त असे. अर्जात फक्त एका प्रश्नापुढे 'नाही' लिहायचे होते. काकांनी नकार दिला. भाऊ संतापला, ते कुटुंब काही महिने उपासनेला आले नाही. २००६ साली गवंडी मरण पावला. तोवर तीन वर्षे उलटली होती, म्हणजे खोटे बहुधा खपून गेले असते. मातीनंतर चर्चच्या आवारातच कोणीतरी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले की एका शब्दासाठी काकांनी पोरींच्या तोंडचा घास काढला.

वाचकहो, या बोलण्याला झटकन उत्तर देऊ नका. ते बोलणारा दुष्ट नव्हता. त्याच्या बोलण्यात दया होती, आणि पवित्र शास्त्रात विधवेचा कैवार सर्वत्र आहे. मग सत्य मोठे की दया?

प्रथम हिशेब पाहू. समजा एक हजार माणसांनी वर्षाला शंभर शंभर रुपये एका पेटीत टाकले. एक लाख जमले. त्या वयाच्या हजार माणसांत वर्षाला दोघे मरण पावतात असे धरले, तर दोन घरांना पन्नास पन्नास हजार देता येतात आणि पेटी बरोबर रिकामी होते. आता आजार लपवून पाच माणसे आत आली आणि त्यांतील तिघे त्या वर्षी वारले, तर पाच घरे दारात उभी राहतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला वीस हजारच येतात. नाहीतर पुढच्या वर्षी सर्वांचा हप्ता वाढतो, आणि जो रोजगारी शंभर कसेबसे भरीत होता तो गळतो. पेटी मोठी असली की हे डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. महामंडळाचा पैसा कोणा धनिकाचा नसतो. तो खरे बोलून आत आलेल्या माणसांच्या विधवांचा असतो. खोट्या अर्जाने केलेली दया ही दुसऱ्या विधवेच्या ताटातून उचललेली दया आहे. कायदा विम्याला परम विश्वासाचा करार समजतो. आपण त्याला एकमेकांची ओझी वाहणे म्हणतो (गलती ६:२). जेथे दहा जण मिळून ओझे उचलतात तेथे खोटे बोलणारा सोबत्याच्या खांद्यावर न सांगता दगड ठेवतो.

म्हणून काकांचा नकार योग्य होता. परंतु येथेच थांबलो तर आपण अर्धेच सत्य सांगितले असे होईल. याकोब विचारतो की उघड्या-उपाशी भावाला कोणी 'सुखाने जा, ऊब घे' म्हटले आणि दिले काहीच नाही, तर काय उपयोग (याकोब २:१५–१६)? खरे बोलून घरी जाऊन शांत झोपणारा मनुष्य या वचनातून सुटत नाही. त्याच्या खरेपणाची किंमत त्याने भरली नाही, दोन लहान मुलींनी भरली. सत्य बोलणे स्वस्त असते तेव्हा ते बहुधा दुसऱ्याच्या खर्चाने बोललेले असते.

हवालदारकाकांनी आवारातल्या त्या बोलण्याला उत्तर दिले नाही. पुढील महिन्याच्या कमिटीच्या सभेत त्यांनी एक ठराव मांडला. मंडळीतील प्रत्येक घराने महिन्याला वीस रुपये द्यावे, आणि ज्याला विमा मिळू शकत नाही अशा आजारी माणसाच्या घराला, त्याच्यामागे, त्यातून नेमाने मदत जावी. कमिटीने हिशेब विचारला. त्यांनी तो वहीत मांडून आणला होता. मंडळीतील नव्या पॉलिसींचे आपले पहिल्या वर्षाचे कमिशन त्यांनी या निधीला द्यायचे ठरवले, आणि काम थांबवीपर्यंत ते दिले. निधीतून पहिली मदत त्या गवंड्याच्या घरी गेली, आणि थोरली मुलगी नोकरीला लागेपर्यंत ती दरमहा जात राहिली. पन्नास हजार एकरकमी मिळाले असते त्यापेक्षा ही मदत कमी होती की जास्त, हा हिशेब मी केलेला नाही. ती खरी होती, आणि ती आमची होती.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. विमा म्हणजे अविश्वास नव्हे; तो प्रीतीचा एक व्यवहारी मार्ग आहे, जोवर तो दुसऱ्यासाठी आहे आणि खरा आहे. परंतु तो मार्ग एका ठिकाणी संपतो. जो आजारी आहे, वृद्ध आहे, ज्याच्या हातात नेमाने पैसा येत नाही, त्याच्यापुढे विम्याचे दार बंद होते, आणि प्रामाणिक एजंटला ते बंदच ठेवावे लागते. तेथून पुढे मंडळीचे काम सुरू होते. प्रेषितांच्या काळी यरुशलेमेत विधवांच्या रोजच्या वाटणीसाठी सात माणसे निवडण्यात आली (प्रेषितांची कृत्ये ६), ती जागा आजही रिकामीच आहे, आणि कोणत्याही महामंडळाने ती भरलेली नाही.

तेव्हा प्रत्येक वाचकाने या महिन्यात स्वतःस तीन प्रश्न विचारावे. माझ्या कमाईवर आज कोण जेवते, आणि मी नसलो तर त्यांच्या ताटात काय असेल? ज्याला ऐपत कमी आहे त्यानेही हा प्रश्न टाळू नये. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेत १८ ते ५० वर्षे वयाच्या खातेदाराला बँकेमार्फत दोन लाखांचा विमा मिळतो, आणि २०२२ पासून त्याचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये आहे. दुसरा प्रश्न : मी जे लिहून दिले आहे ते खरे आहे काय? आणि तिसरा, जो आपण सहसा विचारीत नाही : माझ्या मंडळीत असा कोण आहे ज्याचा विमा कोणीही उतरवणार नाही?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाने आपल्या घरी द्यावी. तिसऱ्याचे उत्तर एकट्याला देता येत नाही. ते कमिटीच्या पुढल्या सभेत, वहीत आकडे मांडून द्यावे लागते. आणि ते देण्याची सुबुद्धी व धैर्य प्रभू आपणां सर्वांस देवो.